न्यूट्रॉन तारा डेक्कनपर्यंत की शनिवारवाड्यापर्यंत? सोन्याच्या अणूंची टक्कर याचं उत्तर कसं देते

पावसाळा सुरू झाला की पुणेकरांच्या मोबाईलवर एक आकडा रोज फिरतो. खडकवासला साखळीत आज किती टीएमसी पाणी आहे?

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून उपयुक्त साठवण क्षमता २९.१५ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर पाणी. एका घनमीटर पाण्याचं वजन एक टन. म्हणजे चारही धरणं भरली की त्यात साधारण ८२ कोटी टन पाणी असतं.

आता हे सगळं पाणी दाबत दाबत इतकं लहान करा की ते चहाच्या एका चमच्यात मावेल, आणि तरी चमचा पूर्ण भरणार नाही.

ही घनता काल्पनिक नाही. आपल्या शरीरातल्या प्रत्येक अणूच्या मध्यभागी जे अणुकेंद्र असतं, त्याची घनता साधारण एवढीच असते. एका घन सेंटिमीटरला सुमारे २७ कोटी टन. आणि विश्वात असे तारेही आहेत, जे जवळजवळ पूर्णपणे अशाच पदार्थाचे बनलेले आहेत. त्यांना न्यूट्रॉन तारे म्हणतात.

या ताऱ्यांच्या आत काय चाललंय, हे शोधण्यासाठी जगभरातले शास्त्रज्ञ जर्मनीतल्या आणि जपानमधल्या प्रयोगशाळांत अणुकेंद्रांची टक्कर घडवत आहेत. त्या टकरींतून आलेले आकडे आणि आकाशातून आलेले आकडे एकमेकांशी जुळतात का, हे तपासण्याचं काम खडकवासल्यापासून सरळ रेषेत १५ किलोमीटरच्या आत, पुण्यातल्या आयुका या संस्थेतही झालं आहे.

आणि गंमत म्हणजे, काही बाबतीत हे आकडे जुळत नाहीत.

हे प्रकरण नेमकं काय आहे? समजून घेऊ.

नकाशावर ठेवलेला तारा

सूर्यापेक्षा बराच मोठा तारा आपलं इंधन संपवून कोसळतो, तेव्हा त्याचा गाभा आतल्या आत चिरडला जातो. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन एकत्र येऊन न्यूट्रॉन बनतात. उरतो तो न्यूट्रॉन तारा.

त्याचं वजन साधारण सूर्याच्या १.४ पट. पण आकार एखाद्या शहराएवढा.

समजा, असा तारा खडकवासला धरणाच्या भिंतीवर मध्य धरून ठेवला. सिंहगड त्याच्या पोटात गडप होईल. पुण्याच्या दिशेने त्याची कड कुठपर्यंत येईल? सरळ रेषेत डेक्कन जिमखाना धरणापासून अकरा किलोमीटरच्या थोडं पुढे आहे. शनिवारवाडा साडेबारा किलोमीटरच्या आसपास.

संशोधकांमधला वाद साधारण एवढ्याच अंतराचा आहे. ताऱ्याची त्रिज्या ११ किलोमीटर, १२ की १३?

इतक्या दूरच्या ताऱ्याच्या बाबतीत एक-दीड किलोमीटरने काय फरक पडतो, असं वाटू शकतं. पण हा फरक पदार्थाच्या स्वभावाबद्दल फार मोठी गोष्ट सांगतो. तारा लहान निघाला, तर त्याच्या आतला पदार्थ 'मऊ' आहे, गुरुत्वाकर्षणाने दाबला की दबतो. तारा मोठा निघाला, तर पदार्थ 'कडक' आहे, दाबाला उलटा जोर लावतो.

हा जोर कुठून येतो? तिथे येते आजच्या गोष्टीतली मुख्य संकल्पना, सममिती ऊर्जा.

सममिती ऊर्जा म्हणजे काय?

अणुकेंद्रात दोन प्रकारचे कण असतात, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. निसर्गाला या दोघांची संख्या सारखी असलेली आवडते. कार्बनमध्ये ६ प्रोटॉन, ६ न्यूट्रॉन. ऑक्सिजनमध्ये ८ आणि ८.

एकाची संख्या वाढली की त्याची किंमत मोजावी लागते, ऊर्जेच्या रूपात. ही जादा किंमत म्हणजेच सममिती ऊर्जा.

किंमत का मोजावी लागते? कारणं दोन.

पहिलं कारण समजायला एक जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. त्याला दोन जिने आहेत, एक प्रोटॉनसाठी, एक न्यूट्रॉनसाठी. प्रत्येक पायरीवर ठरावीक कणच उभे राहू शकतात. दोन्ही जिन्यांवर सारखी गर्दी असेल, तर सगळे खालच्या पायऱ्यांवर मावतात. पण सगळेच न्यूट्रॉन असतील, तर एक जिना रिकामा आणि दुसऱ्यावर रांग थेट माडीपर्यंत. वर चढायला ऊर्जा लागते.

दुसरं कारण कणांमधल्या आकर्षणाचं. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची जोडी एकमेकांना घट्ट धरते. एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन मिळून ड्यूटेरॉन हे टिकाऊ केंद्र बनतं. दोन न्यूट्रॉनांची जोडी मात्र टिकत नाही.

ही ऊर्जा किती? नेहमीच्या अणुकेंद्राच्या घनतेला ती प्रत्येक कणामागे साधारण ३२ एमईव्ही आहे. एमईव्ही हे अणुकेंद्राच्या जगातलं ऊर्जेचं एकक. तुलनेसाठी, सारख्या संख्येने असलेल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनांना बांधून ठेवणारी ऊर्जा प्रत्येक कणामागे सुमारे १६ एमईव्ही असते.

हे दोन आकडे शेजारी ठेवा. बांधणारी ऊर्जा १६, फोडणारी ३२. म्हणजे निव्वळ न्यूट्रॉनांचा गोळा स्वतःच्या बळावर एकत्र राहूच शकत नाही. न्यूट्रॉन तारा टिकतो तो गुरुत्वाकर्षणामुळे. आत गुरुत्वाकर्षण दाबतं, सममिती ऊर्जा बाहेर ढकलते. कड डेक्कनला थांबणार की शनिवारवाड्याला, हे बऱ्याच अंशी या रस्सीखेचीत ठरतं.

मग अडलं कुठे?

३२ हा आकडा नेहमीच्या घनतेचा झाला. पदार्थ दुप्पट दाबला तर ही ऊर्जा किती वाढते?

इथेच अडलं आहे. घनतेबरोबर सममिती ऊर्जा किती चढते, हे सांगणाऱ्या आकड्याला शास्त्रज्ञ 'एल' म्हणतात. हा चढ आहे. एल मोठा असेल तर चढ खडा, पदार्थ कडक, तारा मोठा. एल लहान असेल तर चढ सौम्य, पदार्थ मऊ, तारा लहान.

एलचं महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन सारखे असतील, तर नेहमीच्या घनतेला पदार्थाचा दाब शून्य असतो. तो ना पसरत, ना आकसत. पण निव्वळ न्यूट्रॉन घेतले, तर त्याच घनतेला दाब असतो, आणि तो जवळजवळ सगळा एलमधून येतो.

जेम्स लॅटिमर आणि मदप्पा प्रकाश या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दाखवून दिलं की ताऱ्याची त्रिज्या आणि नेहमीच्या घनतेच्या एक ते दोन पट घनतेला असलेला दाब यांचं घट्ट नातं आहे. म्हणजे गाभ्याच्या अगदी मध्यभागी पोहोचायची गरज नाही. दुप्पट घनता कुठेतरी तयार करता आली, तरी ताऱ्याच्या आकाराबद्दल खूप काही कळेल.

पृथ्वीवर दुप्पट घनता तयार करायचा एकच मार्ग माहीत आहे. दोन जड अणुकेंद्रं एकमेकांवर आदळायची.

टक्कर कशी होते?

जर्मनीतल्या डार्मस्टाट शहरात जीएसआय नावाची प्रयोगशाळा आहे. तिथल्या एएसवाय-ईओएस या प्रयोगात सोन्याची अणुकेंद्रं सोन्याच्याच पातळ पत्र्यावर सोडली गेली. प्रत्येक कणामागे ऊर्जा ४०० एमईव्ही. वेग प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ७१ टक्के, म्हणजे सेकंदाला दोन लाख किलोमीटरपेक्षा जास्त.

सोनं का? सोन्याच्या केंद्रात ७९ प्रोटॉन आणि ११८ न्यूट्रॉन असतात. केंद्र मोठं आहे आणि न्यूट्रॉन बरेच जास्त आहेत.

दोन केंद्रं बहुतेक वेळा नेमकी समोरासमोर आदळत नाहीत, थोडी बाजूने घासून जातात. जिथे ती एकमेकांवर येतात, तो भाग बदामाच्या आकाराचा असतो. तिथला पदार्थ क्षणभर नेहमीच्या दुप्पट घनतेपर्यंत दाबला जातो. क्षणभर म्हणजे किती? एका सेकंदाचे एकावर बावीस शून्य एवढे भाग केले, तर त्यातला जेमतेम एखादा.

मग दाबलेला पदार्थ सुटायचा प्रयत्न करतो. पण दोन्ही केंद्रांचे न आदळलेले भाग अजून बाजूने जात असतात. त्यांनी वाट अडवलेली असते. त्यामुळे पदार्थ जिथे वाट मोकळी आहे तिथून, म्हणजे वरून आणि खालून, पिचकारीसारखा उडतो.

सगळ्या दिशांना सारखे कण न जाता काही दिशांना जास्त जातात, याला शास्त्रज्ञ 'लंबवर्तुळाकार प्रवाह' म्हणतात.

अणुकेंद्रांच्या टकरीत पदार्थ असा एकत्र 'वाहतो', हे १९८४ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली इथे 'प्लास्टिक बॉल' नावाच्या डिटेक्टरने पहिल्यांदा स्पष्ट दाखवलं. तोवर हे कण बिलियर्डच्या चेंडूंसारखे एकेकटे विखुरतात की पाण्यासारखे मिळून वाहतात, यावर मतभेद होते.

प्रवाहावरून पदार्थ ओळखणं: खडकवासल्याचं काम, उलट्या बाजूने

प्रवाह पाहून आतलं गणित मांडणं खडकवासल्याला नवीन नाही. धरणाजवळच केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. पुण्यात सगळे त्याला सीडब्ल्यूपीआरएस म्हणतात. १९१६ मध्ये मुंबई इलाख्याच्या सरकारने सुरू केलेल्या या संस्थेत नद्यांच्या, बंदरांच्या आणि धरणांच्या सांडव्यांच्या लहान प्रतिकृती बांधल्या जातात. त्यातून पाणी सोडायचं, ते कुठून कसं वळतं ते मोजायचं, आणि त्यावरून खऱ्या धरणाचं वागणं ठरवायचं.

अणुकेंद्रांच्या टकरीतही तत्त्व तेच. खरा तारा हाताशी नाही, म्हणून त्याच्या पदार्थाचा एक कण-भर नमुना तयार करायचा आणि तो कसा वाहतो ते मोजायचं.

फरक मात्र महत्त्वाचा आहे. सीडब्ल्यूपीआरएसमध्ये पाणी कसं वागतं हे माहीत असतं, तपासायचा असतो तो बांधकामाचा आकार. इथे उलटं आहे. टकरीचा आकार माहीत असतो, शोधायचा असतो तो पदार्थाचा स्वभाव.

न्यूट्रॉन विरुद्ध प्रोटॉन

आता कळीचा मुद्दा. पदार्थ किती कडक आहे यावर प्रवाह अवलंबून असतो, हे ठीक. पण त्यातला सममिती ऊर्जेचा वाटा वेगळा कसा काढायचा?

उत्तर सोपं आहे. न्यूट्रॉनांचा प्रवाह आणि प्रोटॉनसारख्या विद्युतभारित कणांचा प्रवाह वेगवेगळा मोजायचा आणि त्यांचं गुणोत्तर काढायचं.

जिथे न्यूट्रॉन जास्त आहेत, तिथे सममिती ऊर्जा न्यूट्रॉनांना बाहेर ढकलते आणि प्रोटॉनांना आत ओढते. चढ खडा असेल तर दाबलेल्या भागातून न्यूट्रॉनांना जास्त जोराचा धक्का बसतो. म्हणजे न्यूट्रॉनांची पिचकारी प्रोटॉनांच्या पिचकारीपेक्षा किती जोरदार आहे, यावरून एलचा अंदाज येतो.

गुणोत्तर घेण्याचा आणखी एक फायदा आहे. दोन्ही प्रवाहांवर सारखाच परिणाम करणाऱ्या गोष्टी आपोआप कटतात. उरतो तो फरक, आणि तोच हवा असतो.

अडचण एकच. न्यूट्रॉनावर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो डिटेक्टरमधून निमूटपणे निघून जाऊ शकतो. त्याला पकडायला जीएसआयमध्ये 'लँड' नावाचा मोठा डिटेक्टर वापरला गेला. त्यात लोखंडाचे आणि चमकणाऱ्या प्लास्टिकचे थर एकाआड एक असतात. न्यूट्रॉन लोखंडावर आदळला की भारित कण उडतात, ते प्लास्टिकमध्ये प्रकाशाची ठिणगी पाडतात, आणि त्यावरून न्यूट्रॉन आल्याचं कळतं.

या प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. चढ फार खडा नाही आणि फार सौम्यही नाही, मधला आहे. एलची किंमत ७२ एमईव्ही, त्यात १३ इकडे-तिकडे.

बाकीचे प्रयोग काय सांगतात?

हा एकच आकडा असता तर गोष्ट इथेच संपली असती. पण एल मोजायचे मार्ग अनेक आहेत आणि प्रत्येकाचं उत्तर थोडं वेगळं आहे.

जपानमधल्या रिकेन प्रयोगशाळेत कथलाची अणुकेंद्रं आदळवून त्यातून बाहेर पडणारे पायॉन हे कण मोजले गेले. २०२१ मध्ये आलेलं उत्तर: एल ४२ ते ११७ च्या दरम्यान. पट्टा रुंद आहे, पण जर्मनीचा आकडा त्यात बसतो.

अमेरिकेतल्या जेफरसन लॅबने वेगळीच वाट धरली. शिशाच्या केंद्रात ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन असतात. जास्तीचे न्यूट्रॉन केंद्राच्या बाहेरच्या बाजूला ढकलले जातात आणि त्यांची एक पातळ 'साल' तयार होते. एल जितका मोठा, साल तितकी जाड. २०२१ मध्ये प्रेक्स-२ या प्रयोगाने ही साल ०.२८ फेम्टोमीटर जाड असल्याचं सांगितलं. एक फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग. त्यावरून काढलेला एल १०६ च्या आसपास आला. अनेकांच्या अपेक्षेपेक्षा बराच जास्त, पण त्रुटीची शक्यताही मोठी, ३७.

त्याच प्रयोगशाळेने पुढच्या वर्षी कॅल्शियमची साल मोजली. ती निघाली ०.१२ फेम्टोमीटर, म्हणजे पातळ. शिसं म्हणतं पदार्थ कडक, कॅल्शियम म्हणतं मऊ. एकाच प्रयोगशाळेतले, एकाच पद्धतीचे हे दोन निकाल एकाच सिद्धांतात नीट बसवणं अजूनही अवघड जात आहे.

आकाशाचं म्हणणं

१७ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेतल्या लायगो आणि इटलीतल्या व्हर्गो या वेधशाळांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून आलेल्या गुरुत्वीय लहरी टिपल्या. आदळण्याआधी हे तारे एकमेकांभोवती फिरताना एकमेकांना ताणत होते, जसा चंद्र समुद्राला ताणतो. कडक, मोठा तारा जास्त ताणला जातो, लहान आणि घट्ट तारा कमी. लहरींवरून काढलेली त्रिज्या आली ११.९ किलोमीटर, १.४ किलोमीटर इकडे-तिकडे.

या टकरीनंतरची रेडिओ चमक टिपण्यात पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावजवळच्या खोडद इथल्या जीएमआरटी दुर्बिणीचाही वाटा होता.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या नायसर दुर्बिणीने क्ष-किरणांवरून काही न्यूट्रॉन ताऱ्यांच्या त्रिज्या मोजल्या आहेत. त्याही साधारण ११ ते १४ किलोमीटरच्या पट्ट्यात येतात. शिवाय काही न्यूट्रॉन तारे सूर्याच्या दुप्पट वजनाचे आहेत, हे आता नक्की झालं आहे. म्हणजे आतला पदार्थ एवढं वजन पेलण्याइतका कडक असलाच पाहिजे. ही अट कोणत्याही सिद्धांताला चुकवता येत नाही.

२०२२ च्या जूनमध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक महत्त्वाचा अभ्यास आला. त्यात सोन्याच्या टकरींचे आकडे आणि आकाशातले आकडे एकाच गणितात घातले होते. सूर्याच्या १.४ पट वजनाच्या ताऱ्याची त्रिज्या निघाली १२.०१ किलोमीटर, पाऊण किलोमीटरच्या आसपास इकडे-तिकडे.

म्हणजे आपल्या नकाशावर डेक्कन आणि शनिवारवाड्याच्या मध्ये कुठेतरी.

पुण्यात काय झालं?

गणेशखिंडला पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही संस्था आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर होते. इथल्या डॉ. देबारती चॅटर्जी न्यूट्रॉन ताऱ्यांच्या आतल्या पदार्थावर काम करतात.

त्यांच्या गटाने जर्मनीतले शास्त्रज्ञ युर्गेन शाफनर-बिलिश यांच्यासोबत २०२२ मध्ये दोन शोधनिबंध प्रसिद्ध केले. त्यातली पद्धत चाळण्यांसारखी आहे.

आधी न्यूट्रॉन ताऱ्याच्या पदार्थाची असंख्य संभाव्य मॉडेल घ्यायची. मग ती एकेका चाळणीतून काढायची. पहिली चाळणी सिद्धांताची, कमी घनतेसाठी. दुसरी जड आयनांच्या टकरींची, मधल्या घनतेसाठी. तिसरी आकाशाची, म्हणजे दुप्पट वजनाचे तारे आणि २०१७ च्या गुरुत्वीय लहरी, सर्वांत जास्त घनतेसाठी. तिन्हीतून जे पार होईल, तेच शिल्लक ठेवायचं.

दुसऱ्या निबंधात त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. ताऱ्याच्या गाभ्यात घनता इतकी वाढते की तिथे केवळ न्यूट्रॉन आणि प्रोटॉनच नाही, तर हायपेरॉन नावाचे वेगळे कणही तयार होत असावेत. हे हायपेरॉन धरले तर चाळण्यांतून काय उरतं?

उत्तर लक्षवेधी होतं. हायपेरॉन आले की टकरींचे आकडे आणि आकाशाचे आकडे यांच्यात ताण निर्माण होतो. दोघांनाही एकाच वेळी मान्य होतील अशी मॉडेल फार थोडी उरतात.

असं का व्हावं? वाड्याच्या जिन्याकडे परत जाऊ. हायपेरॉन म्हणजे तिसरा जिना. गर्दी त्यावर वळली की न्यूट्रॉनांच्या जिन्यावरचा ताण कमी होतो, पदार्थ मऊ पडतो. आधीच जीएसआयच्या काही टकरी, विशेषतः त्यात तयार होणाऱ्या केऑन कणांची संख्या, पदार्थ मधल्या घनतेला फार कडक नसल्याचं सुचवतात. त्यात हायपेरॉनांनी तो आणखी मऊ केला, तर सूर्याच्या दुप्पट वजनाचा तारा उभा कसा राहायचा?

याचा अर्थ हायपेरॉन नसतातच, असा होत नाही. टकरीच चुकीच्या आहेत, असाही नाही. याचा अर्थ एवढाच की तीन गोष्टींपैकी कुठेतरी आपली समज अपुरी आहे, आणि ती कुठे अपुरी आहे हे शोधायची जागा आता बरीच लहान झाली आहे.

या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा?

टकरीवरून थेट ताऱ्यावर उडी मारता येत नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

टकरीतला पदार्थ प्रचंड तापलेला असतो. न्यूट्रॉन ताऱ्याचा पदार्थ अणुकेंद्राच्या मोजपट्टीवर जवळजवळ थंडच. सोन्याच्या केंद्रात ४० टक्के प्रोटॉन असतात, ताऱ्यात त्यांचा वाटा याच्या अगदी थोडा. शिवाय टकरीतला क्षण इतका छोटा असतो की आतली घनता थेट मोजता येत नाही. बाहेर आलेले कण बघून, संगणकावर तशीच टक्कर घडवून, दोन्ही जुळवून पाहावं लागतं. संगणकातलं मॉडेल बदललं की उत्तरही थोडं सरकतं.

म्हणूनच ७२, १०६, ४२ ते ११७ असे वेगवेगळे आकडे दिसतात. त्यातला एक खरा आणि बाकीचे खोटे, असं नाही. प्रत्येक प्रयोग वेगळ्या घनतेला वेगळ्या खिडकीतून बघतो.

सोशल मीडियावर 'शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बिग बँग घडवला' असे व्हिडिओ अधूनमधून फिरतात. ते बहुतेक जिनिव्हाजवळच्या सर्नमधल्या टकरींबद्दल असतात. तिथल्या अ‍ॅलिस प्रयोगात आयआयटी मुंबईसह अनेक भारतीय संस्था आहेत. पण त्या टकरींची ऊर्जा हजारो पटींनी जास्त असते. तिथे प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून त्यांच्या आतले क्वार्क मोकळे होतात. न्यूट्रॉन ताऱ्यासाठी उपयोगी टकरी तुलनेने हळू असाव्या लागतात, म्हणजे पदार्थ दबेल पण वितळणार नाही. दोन्ही प्रयोगांत 'प्रवाह' मोजतात, पण प्रश्न वेगळे आहेत.

सामान्य माणसाला याचं काय?

उद्या सकाळी याने नळाला पाणी जास्त येणार नाही. पण प्रश्न अगदीच दूरचाही नाही.

२०१७ च्या त्या टकरीतून बाहेर फेकल्या गेलेल्या पदार्थात जड मूलद्रव्यं तयार झाल्याच्या खुणा दुर्बिणींना दिसल्या. सोनं ज्या प्रक्रियेतून बनतं, तीच ही प्रक्रिया. म्हणजे लक्ष्मी रोडवरच्या दुकानांतल्या सोन्यातला काही भाग कधीकाळी अशाच ताऱ्यांच्या टकरीत तयार झालेला असू शकतो. अशा टकरीत किती पदार्थ बाहेर फेकला जाईल, हे तारे किती मऊ किंवा कडक आहेत यावरही अवलंबून असतं. सोन्याची केंद्रं आदळवून जे मोजलं जातंय, त्याचा संबंध सोनं कुठून आलं या प्रश्नाशीही आहे.

दुसरा मुद्दा पैशाचा. यात भारतीय करदात्याचा पैसा दोन ठिकाणी लागला आहे.

डार्मस्टाटमध्येच फेअर नावाचं नवं, मोठं केंद्र उभं राहत आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये त्याच्या करारावर सही करणाऱ्या नऊ देशांत भारत होता. भारताच्या बाजूने कोलकात्याची बोस इन्स्टिट्यूट समन्वय करते, आणि तिथल्या सीबीएम प्रयोगाचे डिटेक्टर बनवण्यात भारतीय गटांचा मोठा भाग आहे. सीबीएममध्ये पदार्थ आणखी जास्त दाबला जाईल, म्हणजे जिथे हायपेरॉनांचा प्रश्न उभा राहतो त्या घनतेकडे. मात्र वाढलेला खर्च आणि युक्रेन युद्धानंतर रशियाचा थांबलेला सहभाग यामुळे हा प्रकल्प ठरल्यापेक्षा बराच मागे पडला आहे.

दुसरं ठिकाण महाराष्ट्रातच आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. आयुका ही तिच्या प्रमुख भागीदार संस्थांपैकी एक.

पुढे काय?

२०१७ नंतर न्यूट्रॉन ताऱ्यांची तितकी जवळची आणि स्पष्ट टक्कर पुन्हा टिपता आलेली नाही. त्रिज्येतली ती एक-दीड किलोमीटरची अनिश्चितता कमी करायची, तर अशा आणखी टकरी हव्यात. त्यासाठी जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत वेधशाळा हव्यात. औंढ्याची वेधशाळा सुरू झाली, की लहर आकाशाच्या नेमक्या कोणत्या भागातून आली हे जास्त अचूक सांगता येईल, आणि इतर दुर्बिणींना वेळेत तिकडे वळता येईल.

तोवर डार्मस्टाटच्या टकरी अधिक नेमक्या होत जातील, आणि गणेशखिंडसारख्या ठिकाणी चाळण्या आणखी बारीक होत जातील.

दोन शक्यता आहेत. प्रयोगशाळेतलं उत्तर आणि आकाशातलं उत्तर अखेर एका जागी येईल. मग डेक्कन की शनिवारवाडा, हे सांगता येईल. किंवा ताण वाढत जाईल. तसं झालं, तर न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटात प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि हायपेरॉनांपलीकडचं काहीतरी असल्याची ती खूण असेल.

बहुतेक संशोधकांना मनातून दुसरी शक्यता जास्त आवडेल. आकडे जुळले की एक प्रश्न सुटतो. न जुळले की नवं काहीतरी सापडतं.